बिनठिपक्याचं चाक

४ जून

ती. धाकटे मामा,

साष्टांग नमस्कार. नुसता लिहिते आहे, घालायला जमीन शिल्लक नाही. बाबांच्या मोटरसायकलचं इंजिन माळ्यावरून खाली काढलंय आणि ते सध्या पुढच्या खोलीत मुक्कामाला आहे. तीन पत्र्याचे डबे, एक गोणपाट, आणि त्यात सगळे मिळून एकशे चौदा तुकडे. एकावरही नाव नाही, नंबर नाही. रॉकेलमध्ये धुऊन जेवणाच्या ताटांत मांडलेत. त्यातली दोन ताटं आईने कायमची माझ्या नावावर करून टाकली आहेत.

फोन करत नाही, कारण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि जे ऐकू येत नाही त्याचं उत्तर तुम्ही दुप्पट मोठ्यांदा देता. वर्कशॉपात आले तर ठोकाठोकीत मलाही ऐकू येत नाही. म्हणून पत्र. तुमच्या वर्कशॉपच्या पाटीवर ‘इंजिनांचा डॉक्टर’ लिहिलंय ना, मग हा पेशंट तुमचाच. ज्या नऊ तुकड्यांचं मला काहीच कळलं नाही, ते कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवली आहे. कागद सोबत आहेत.

आता खरं कारण. थोरले मामा ज्या कारागिरीच्या शाळेत सामानाची खोली सांभाळतात, तिथल्या मुख्याध्यापकांनी त्यांना इंजिनाचा वर्ग घ्यायला सांगितलंय. हो की नाही ते पंचवीस जुलैपर्यंत कळवायचंय. मामा नाही म्हणणार आहेत. म्हणतात, “ज्या हाताने मेहुण्याचा पाय मोडला, तो हात पोरांना काय शिकवणार?”

तुम्हाला मी काय सांगायचं, तुम्ही तर तिथेच होतात. एकोणीस वर्षांपूर्वी तुम्ही दोघांनी मिळून हे इंजिन बांधलं, तिसऱ्या दिवशी भर रस्त्यात मागचं चाक जागच्या जागी अडकलं आणि बाबा पडले. गुडघा कायमचा गेला. तुम्ही इंजिन उघडलंत आणि सांगितलंत की गिअरमधला एक वायसर बसवायचा राहिलाय, आणि दादाने तापात गिअरचा डबा बंद केला होता. झालं. थोरल्या मामांनी पाना खाली ठेवला तो ठेवलाच, आणि आईने त्यांना दार बंद केलं ते केलंच. बाबा मात्र शेवटपर्यंत लंगडत लंगडत त्यांना शाळेत भेटायला जायचे. आईला वाटायचं, पाय मोकळे करायला जातात.

माझ्या मनात असं आहे की हे इंजिन चालू करून थोरल्या मामांच्या पुढ्यात नेऊन उभं करावं. एक वायसर राहिला म्हणून माणूस जन्मभर खडू वाटत बसत नाही, हे त्यांना दिसलं पाहिजे. तुम्ही मदत केलीत तर जमेल.

तुमची भाची


११ जून

चि. कवळीवालीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वर्कशॉपात मोठ्यांदा वाचून दाखवलं. सगळे खूप हसले. लोकांचे दात बनवता बनवता आता गिअरचे दाते मोजायला निघालीस, कमाल आहे! पण हाडाची भाची आहेस, म्हणून सांगतो.

तुझे कागद पाहिले. क्रमांक एक ते पाच क्लचचे, यात न कळण्यासारखं काय होतं ते मला कळलं नाही. सातवा व्हॉल्व्हच्या स्प्रिंगचा टोप. आठ आणि नऊ जोडीने राहतात, त्यांना वेगळं करू नकोस. सहावा मात्र इंजिनाचा नाही. तो ताईच्या शिलाई मशीनचा बॉबिन आहे. त्याला इंजिनात बसवलंस तर इंजिन कदाचित झबली शिवेल.

आता नीट ऐक. कंपनी आतल्या तुकड्यांवर नाव घालत नाही. ओळखायचं ते झिजेवरून. जे दोन तुकडे एकमेकांना घासत चालले, त्यांची झीज एकमेकांशी जुळते, मग ते वीस वर्षं वेगवेगळ्या डब्यांत राहिले तरी. झीज खोटं बोलत नाही. झीज जुळली नाही तर मापं घे. मापांचं तुला सांगायला नको.

आणि एक गंमत. काळा मळ तारेच्या ब्रशाने घासून काढ, म्हणजे तुला बारीक ठिपके दिसतील. ती दादाची करामत. त्याला प्रत्येक तुकड्यावर, जी बाजू कशाला घासत नाही तिथे, टोकदार पोलादी पंच ठोकून ठिपके मारायचा नाद. आधी ठिपका, मग काम. शाळेत पोरांच्या डब्यांवर नावं घालतात तसं. मी आयुष्यात एका तुकड्यावर खूण केली नाही. ज्याला आठवत नाही त्याने खुणा कराव्यात. मी हात लावला की ओळखतो, डोळे मिटून. आणि बघ, ठिपके मारणाऱ्याचाच वायसर राहिला! याला म्हणतात अति शहाणा.

वर्गाचं म्हणशील तर दादा नाही म्हणतोय ते बरोबरच करतोय. त्याच्या हाताला आता सवय नाही. भलत्या गोष्टीत त्याला ओढू नकोस.

तुझा मामा
(इंजिनांचा डॉक्टर)


१९ जून

ती. धाकटे मामा,

बॉबिन आईला परत दिला. एकोणीस वर्षं ती त्यासाठी मोलकरणीवर संशय घेत होती. मोलकरीण केव्हाच काम सोडून गेली, तरी आईने काल तिची माफी मागितली, भिंतीकडे बघून.

ठिपके सापडले! मामा, तुम्ही हसता, पण मी तर त्या माणसाच्या पाया पडायला तयार आहे. पहिल्या गिअरच्या चाकावर एक ठिपका, दुसऱ्याच्या दोन, तिसऱ्याच्या तीन, आणि ठिपके ज्या बाजूला ती बाजू नेहमी बाहेर. एका बैठकीत निम्मं इंजिन ओळखीचं झालं.

आमच्या धंद्यातही हेच. प्रत्येक कवळीच्या आतल्या बाजूला आम्ही नंबर कोरतो. आमच्या आधीच्या मालकांनाही वाटायचं, आपल्याला डोळे मिटून ओळखता येतं. त्यांनी दोन म्हाताऱ्यांच्या कवळ्या उलटसुलट दिल्या. दोघे आठवडाभर एकमेकांचे दात लावून जेवले आणि दोघांनी आपापल्या सुनांना नावं ठेवली की स्वयंपाक बिघडलाय. दोन घरं मोडायची वेळ आली, तेव्हा मालकांनी डोळे उघडले.

तर मुद्द्याचं. गिअरच्या सगळ्या चाकांवर ठिपके आहेत, फक्त एकावर नाहीत. चांगलं चकचकीत चाक आहे, सत्तावीस दाते. आणि त्याच पत्र्याच्या डब्यात तळाला दात तुटलेलं एक जुनं चाक आहे, त्यालाही सत्तावीसच दाते, त्यावर तीन ठिपके. म्हणजे तुटलेलं हे मूळचं तिसरं, आणि त्याच्या जागी बिनठिपक्याचं बसवलं होतं, असंच ना? दोन्ही शेजारी ठेवली तर जुळी वाटतात. पण मला सवय वाईट, कॅलिपर लावला. बिनठिपक्याचं चाक सहा दशांश मिलिमीटरने पातळ आहे. दोनदा पाहिलं, दहा ठिकाणी पाहिलं. कवळीत एवढा फरक पडला तर माणूस मला कवळी फेकून मारतो.

डॉक्टर, हे काय आहे? आणि इंजिन पुन्हा बांधताना मी कुठलं मागवू?

तुमची भाची

ता. क. थोरल्या मामांना अजून काही सांगितलेलं नाही. मुख्याध्यापकांनी पुन्हा विचारलं, मामा पुन्हा नाही म्हणाले.


२६ जून

चि. कवळीवालीस आशीर्वाद.

शाबास! सहा दशांश पकडलास, हे मानलं. माझ्याकडची माणसं दहा वर्षं काम करून सहा दशांश पकडत नाहीत, जेवणाची सुट्टी मात्र बरोबर पकडतात.

ते पातळ चाक नव्या मॉडेलचं आहे. कंपनीने नंतर चाक पातळ केलं आणि दाते तेवढेच ठेवले. दिसायला हुबेहूब, खूण काही नाही, भले भले फसतात. ते जुन्या इंजिनात बसतं, पण मागे एक पातळ वायसर जास्तीचा घालावा लागतो, सहा कागदांच्या जाडीएवढा. तो नसला तर चाक शाफ्टवर मागेपुढे सरकतं आणि वेगात असताना एकदम दोन गिअर पडतात. मग गाडीचं मागचं चाक जागीच अडकतं. तुझ्या बाबांच्या बाबतीत तेच झालं. तोच वायसर दादा विसरला.

हे ज्ञान तुला पुस्तकात मिळणार नाही. त्या काळात ते नवं चाक बाजारात आलंही नव्हतं. कंपनीच्या माणसाने मला एकट्याला नमुना म्हणून दिलं होतं, ‘बघा, तुम्हाला काय वाटतं’ म्हणून. माझं नाव तेव्हाच तेवढं झालं होतं. माझ्या खणात महिनाभर होतं ते. आपला हात जगन्नाथ! दादाला तर हा फरक समजावून सांगायला मला अर्धा दिवस लागला असता.

तू जुन्या मापाचं माग. नवं घेतलंस तर वायसर विसरू नकोस, नाहीतर दादासारखी खडू मोजत बसशील.

तुझा मामा
(इ. डॉ.)


३ जुलै

ती. धाकटे मामा,

नमस्कार.

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. पहिल्यांदा शिकण्यासाठी. पुढच्या तीन वेळा डोळ्यांवर विश्वास बसेना म्हणून.

रविवारी थोरल्या मामांकडे गेले होते. इंजिनाचा विषय काढला की ते खिडकीबाहेर बघतात, म्हणून सरळ विचारलं, “मामा, बाबांच्या गाडीत तिसऱ्या गिअरचं चाक कुठलं घातलंत?” ते म्हणाले, “जुनं तुटलेलं होतं. मी तसलंच दुसरं मागवलं होतं, ते यायचं होतं. म्हणून थांबलो होतो. मग ताप चढला. चार दिवसांचं काही आठवत नाही. धाकटा म्हणतो की मीच उठून डबा बंद केला.” मी विचारलं, “मग मागवलेलं चाक आलं होतं?” ते म्हणाले, “आलं असेल. केलं असेल मी.”

मामा, ‘केलं असेल’ असं तो माणूस ज्या तऱ्हेने म्हणाला ना, ते ऐकून मी चहा तसाच ठेवून निघून आले. त्यांना वायसर विसरल्याचं दुःख आहेच, पण त्याहून मोठं हे की विसरल्याचंही आठवत नाही. एकोणीस वर्षं ते स्वतःच्या हाताकडे परक्याच्या हाताकडे बघावं तसं बघतायत.

आता माझं काम सोपं झालं, कारण तुम्हीच सगळं लिहून दिलंय. थोरले मामा आधी ठिपका मारतात, मग काम करतात. हे तुम्ही लिहिलंत. त्या चाकावर ठिपका नाही. तुम्ही आयुष्यात एका तुकड्यावर खूण केली नाहीत, हेही तुम्हीच लिहिलंत. तसलं चाक त्या काळी बाजारात नव्हतं, गावभरात फक्त तुमच्या खणात होतं. हे तर तुम्ही छाती फुगवून लिहिलंत. मी पंचाईतीत पडले आहे, डॉक्टर. एवढं स्पष्ट निदान तुम्ही दुसऱ्या कुणाचं केलं असतंत का?

माझं काही चुकत असेल तर सांगा. चुकत असलं तर मला बरंच वाटेल.

भाची


१४ जुलै

चि. भाचीस,

कामाच्या रगाड्यात उत्तराला उशीर झाला.

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली की लगेच कावळ्याला पकडायचं, हे तुझ्यासारख्या शिकलेल्या मुलीला शोभत नाही. तापात माणूस काय करेल याचा नेम नाही. ठिपका मारायचा राहिला असेल. माझ्या खणातून चाक दादाने काढलं असेल. खणाला कुलूप नव्हतं. किंवा गडबडीत वर्कशॉपमधल्या कुणाच्या तरी हातून ते बसवलं गेलं असेल. इतक्या वर्षांनी कोण सांगणार?

आणि मी म्हणतो, सांगायचं तरी कशाला? तुझे बाबा गेले. दादाने मनाची समजूत घातली आहे. ताईला शांतपणा मिळाला आहे. जुनी मढी उकरून कुणाचं भलं झालंय? माझं इतक्या वर्षांचं नाव आहे, पाटी आहे, माझ्या हाताखाली आठ माणसं आहेत. झाकली मूठ सव्वा लाखाची. तू ते इंजिन बांध, फिरव, मजा कर. मला फोन केलास तरी चालेल, मी ऐकायचा प्रयत्न करीन.

मामा


१६ जुलै

ती. धाकटे मामा,

‘वर्कशॉपमधल्या कुणाच्या तरी हातून.’ वा! एकोणीस वर्षांपूर्वी त्या वर्कशॉपात दोनच माणसं होती, आणि त्यातला एक घोंगडी पांघरून पडला होता. उरलेल्या ‘कुणाचं तरी’ नाव तुम्हाला आठवत असेल तर कळवा. खाई त्याला खवखवे म्हणतात, मला वाटायचं ते खाण्याबद्दलच आहे.

तापात ठिपका मारायचा राहिला असेल, असं तुम्ही म्हणता. थोरल्या मामींना विचारलं. त्या आत गेल्या आणि एक रिकामी औषधाची बाटली घेऊन आल्या. त्या तापातली. मामा अंगात एकशेतीन ताप असताना उठले होते, पण वर्कशॉपात जायला नाही. मामी औषध द्यायला विसरतील म्हणून त्यांनी पत्र्याच्या झाकणावर पंचाने ठिपके मारले, प्रत्येक डोसाला एक. नऊ ठिपके आहेत, ओळीत. मामी म्हणाल्या, “माझ्यावर विश्वास नव्हता तापातही.” त्यांना अजून त्याचा राग आहे, म्हणून तर बाटली ठेवली आहे! मी मात्र त्या बाटलीला हात जोडले.

मामा, आता थट्टा पुरे. मी हे आईला सांगू शकते. पण मी सांगितलं तर ती म्हणेल, दात बनवणारीला गिअरमधलं काय कळतं, माझा भाऊ डॉक्टर आहे. आणि थोरले मामा तर माझ्यावर विश्वासच ठेवणार नाहीत. त्यांनी तुमच्या शब्दावर स्वतःचे हात टाकून दिलेत. ते परत द्यायचे तर तुमच्याच शब्दाने देता येतील. पंचवीस तारखेला त्यांचं ‘नाही’ पक्कं होणार आहे. त्यानंतर वर्ग दुसऱ्याला जाईल आणि थोरले मामा खडू मोजतच म्हातारे होतील.

तुम्ही म्हणता, दादाने मनाची समजूत घातली आहे. नाही घातलेली. मी पाहून आले.

भाची


२१ जुलै

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार.

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं. तुझी लेक कवळ्या करते, पण बाई पक्की सांडशी आहे. एकदा दात धरला की उपटल्याशिवाय सोडत नाही. तिने तुला काही सांगितलं नसेल. मला लिहायला लावलंय.

ताई, तो डबा मी बंद केला. दादाने नाही.

मेहुण्यांना मी शब्द दिला होता की बुधवारी गाडी मिळेल. दादा म्हणत होता, चाक येऊ दे, दोन दिवस थांब. तो तापाने पडला आणि मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं. मनात म्हटलं, आता याची कटकट नाही. खणातलं नव्या मॉडेलचं चाक काढलं आणि बसवलं. त्याला जास्तीचा वायसर लागतो हे मला माहीत होतं. तो काढूनही ठेवला होता, बाकावर. तेवढ्यात कुणी बोलायला आलं, मी काहीतरी फुशारकी मारत बसलो, आणि डबा बंद करून टाकला.

इथपर्यंतचं मी तुला ‘विसरलो’ म्हणून सांगू शकलो असतो. पण संध्याकाळी बाक पुसताना वायसर दिसला, ताई. मेहुणे गाडी घेऊन तासाभरापूर्वीच गेले होते. तुमचं घर दहा मिनिटांवर होतं. मी सायकल काढून आलो असतो तर सगळं वाचलं असतं. पण मग मेहुण्यांना सांगावं लागलं असतं की माझ्या हातून चुकलं. मी तो वायसर खणात टाकला आणि स्वतःशी म्हटलं, चालेल.

आणि चाललंही. तीन दिवस.

अपघात झाल्यावर इंजिन मी एकट्याने उघडलं, कारण दुसऱ्या कुणाला उघडू दिलं नाही. दादा अजून तापातून उठत होता, पायाखाली जमीन नव्हती त्याच्या. मी त्याला म्हटलं, “दादा, तू रात्री उठून डबा बंद केलास, आठवत नाही का?” मला वाटलं, आता म्हणेल, खोटं बोलतोस. तो म्हणाला, “असेल बाबा.” इतकं सोपं गेलं, ताई, की मलाच भीती वाटली.

त्यानंतर त्याने वर्कशॉप सोडलं आणि पाटी माझ्या एकट्याची झाली. मी त्याची टिंगल करत आलो, कारण टिंगल थांबवली असती तर विचार करावा लागला असता. मला लाज वाटते. हे वाक्य लिहायला एकोणीस वर्षं लागली.

तू मला काहीही बोल. पण दार बंद करू नकोस. मी येऊ का?

तुझा
धाकटा


२७ जुलै

धाकट्या,

तुझं पत्र मिळालं. आशीर्वाद आज लिहवत नाहीत. राग मानू नकोस, आणि मानलास तरी मला काही वाटणार नाही.

पत्र मी एकटीने वाचलं आणि दोन दिवस घराबाहेर पडले नाही. ह्यांचा फोटो समोर होता, त्याच्याकडेही बघवेना. ह्यांनी मला किती वेळा सांगितलं असेल, “अगं, तुझा दादा असा चुकणारा माणूस नाही.” मी म्हणायचे, तुम्हाला माणसांतलं काय कळतं. तिसऱ्या दिवशी उठले आणि दादाच्या घरी गेले. एकोणीस वर्षांत त्याचं दार कुठलं तेही विसरले होते. शेजाऱ्यांची कडी वाजवली. त्या बाईने मला दादाच्या दारात आणून सोडलं.

दादाला तुझं पत्र वाचून दाखवलं. संपल्यावर म्हणाला, “म्हणजे मी नव्हतो?” मी म्हटलं, नव्हतास. पुन्हा विचारलं, “नक्की नव्हतो?” वहिनी म्हणाली, “अहो, नव्हतात.” मला वाटलं, आता रडेल. रडला नाही. चिडला. लहानपणापासून त्याला एवढं चिडलेलं मी पाहिलं नव्हतं. म्हणाला, “एकोणीस वर्षं मी दाराला कुलूप लावलं की परत चार वेळा ओढून बघतो. चहात साखर घातली की नाही, हे बायकोला विचारून पितो. स्वतःवर विश्वास नाही म्हणून. आणि तो म्हणतो, चालेल!” मग माझ्याकडे वळून म्हणाला, “तो खोटं बोलला ते बोलला. तू तरी मला एकदा विचारायचं होतंस.”

त्याने पंचवीस तारखेला शाळेत जाऊन होकार दिला. येत्या सोमवारी पहिला तास आहे.

आता तुझं. तू विचारतोस, येऊ का. एकदा तुझ्या शब्दावर मी दार लावलं आणि ते चुकीच्या भावाच्या तोंडावर लागलं. आता कुणासाठी दार उघडावं, कुणासाठी लावावं, हे ठरवायला माझा मलाच भरवसा वाटत नाही. म्हणून ते मी दादावर सोडलं. त्याने दोन दिवस घेतले आणि काल निरोप दिला. जसा दिला तसा लिहिते, माझं काही घालत नाही.

म्हणाला, “त्याला सांग, माझ्याकडे माफी मागायला येऊ नकोस. सोमवारी माझ्या तासाला ये. इंजिन उघडायचं कसं, तुकडा ओळखायचा कसा, बसवायचा कसा, ते मी मुलांना शिकवीन. पण वायसर बाकावर राहिलेला दिसल्यावर माणूस काय करतो, ते तू फळ्यापुढे उभा राहून सांग. ते मला शिकवता येणार नाही. मी ते कधी केलेलं नाही.”

तास सकाळी आठ वाजता आहे.

ताई